सुगडातला उंबर

भिंतीत उगवलेला पिंपळ काढायला आमच्या गावात सहसा कुणी पुढं येत नाही. गच्चीच्या कठड्याला, पाण्याच्या टाकीखाली, पडक्या वाड्याच्या दगडी भिंतीत तो उगवतो. पाखरं फळं खातात, भिंतीवर येऊन बसतात, आणि त्यांच्या शिटेतलं बी फटीत रुजतं. वर्षभरात भिंतीला तडा जातो. तो तडा घरातल्या सगळ्यांना दिसत असतो, पण उपटायचा म्हटलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघतो. पिंपळ म्हणजे देवाचं झाड, आणि त्यात मुंजाही राहतो. लेकुरवाळीनं हात लावायचा नाही, शनिवारी तर नावच काढायचं नाही, असे नियम घरागणिक बदलतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "त्या मास्तरच्या पोरीला बोलवा."

ती मी. गाव दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. छिन्नी, हातोडी, ओलं गोणपाट आणि दांडा वाकलेला एक जुना चमचा एवढं सामान घेऊन मी जाते. पैसे घेत नाही, झाड घेते. घरच्यांना वाटतं पोरीनं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मला वाटतं फुकटात माल मिळाला. गच्चीवर आणून त्याचं मी वीतभर, कधी वीतभरही नाही, असं बोन्साय करते. 'मुंज्या' सिनेमा आल्यापासून गल्लीतली पोरं विचारतात, "ताई, एवढ्याशा पिंपळात मुंजा कसा मावतो?" मी सांगते, मुंगीएवढा आहे, साखर टाकली की खाली येतो. पोरं खरंच साखर टाकतात आणि मग मला मुंग्या आवरत बसावं लागतं.

गंमत सोडा, पण भिंतीतून निघालेल्या पिंपळाचं निम्मं बोन्साय भिंतीनंच केलेलं असतं. जमिनीत उगवलेल्या रोपाचं सोटमूळ सरळ खाली जातं. फटीतल्याला खाली जायला जागा नसते. मुळं चपटी होतात, आडवी पसरतात, बुंधा वाकडा होतो आणि वयाच्या मानानं जाड दिसतो. तीन-चार वर्षांचा पिंपळ हातभरसुद्धा नसतो. नर्सरीत पिशवीतलं सरळसोट रोप विकत घेऊन जे करायला चार वर्षं जातात, ते चुन्याच्या भिंतीनं आधीच करून ठेवलेलं असतं.

हे वेड मी पुण्याहून आणलं. एमपीएससीच्या नावाखाली दोन वर्षं सदाशिव पेठेत राहिले, म्हणजे खोलीत झोपले आणि अभ्यासिकेत जगले. २०२०च्या जानेवारीत मैत्रिणीनं ओढून एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला नेलं. २६ जानेवारीच्या आसपास ते दरवर्षी भरतं, आणि पुणेकर सहकुटुंब जाऊन गुलाबांसोबत फोटो काढतात. एका कोपऱ्यात टेबलांवर बोन्साय मांडलेले होते. मोठ्या ताटलीतल्या भारदस्त वडांभोवती गर्दी होती. माझी नजर त्यांच्याखाली ठेवलेल्या, चहाच्या कपात मावतील अशा झाडांवर गेली. एकाला तर वडासारख्या पारंब्या होत्या आणि उंची माझ्या मधल्या बोटाएवढी. आमच्या टाकीखाली असाच एक वड आहे आणि दादा दरवर्षी त्यावर उकळतं पाणी ओततात, हे मला तिथंच आठवलं.

दोन महिन्यांनी टाळेबंदी लागली. गादी, पुस्तकं आणि कुकर घेऊन मी गावी परत आले. त्या वर्षी परीक्षेच्या तारखा पुढं जात राहिल्या, आणि गच्चीवर मात्र बसायला भरपूर जागा होती.

जपानी लोक आकारानुसार बोन्सायची नावं ठेवतात. साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं झाड शोहिन आणि त्याहून लहान, हातात मावणारं, १० सेंटिमीटरच्या आसपासचं ते मामे. मामे म्हणजे घेवड्यासारखं बी, दाणा. 'बोन' म्हणजे पसरट भांडं आणि 'साई' म्हणजे लावणं. शब्द जपानचा असला तरी कला मूळ चीनची. म्हणजे बोन्साय हे काही झाडाचं नाव नाही. वडाचं बोन्साय केलं तरी तो वडच राहतो. त्याच्या बियांतून मोठाच वड येणार. हे मी गावात शंभर वेळा सांगितलंय आणि पुढं एकदा ते मला सांगायचीही गरज पडली नाही, पण ते नंतर.

सुरुवात मातीपासून करावी लागते. आमची काळी माती कापसाला आणि उसाला सोनं, पण मूठभर भांड्यात ती दगड होते. ओली असली की पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते, भांड्याच्या कडेपासून सुटते आणि बारीक मुळं तोडते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा बघितल्या असतील, तेच तळहाताएवढ्या जागेत होतं. म्हणून मुरूम. धारूरच्या घाटाकडून येणाऱ्या रस्त्याच्या कामावरचा मुरूम, वीटभट्टीवरच्या फुटक्या विटांचा चुरा आणि जुनं, पावडर झालेलं शेणखत. माझं प्रमाण तीन, दोन, एक. मुरूम आणि विटा चाळणीनं चाळायच्या आणि खाली पडते ती धूळ फेकून द्यायची, वर राहतात ते ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवायचे. आईला हे बघवत नाही. "पीठ फेकायचं आन कोंडा ठेवायचा, असला संसार कुठं बघितला न्हाई," असं म्हणते. चाळणी तिचीच आहे, त्यामुळं तिला बोलायचा हक्क आहे.

तारेला लोक पुण्या-मुंबईहून ॲल्युमिनियमची बोन्साय वायर मागवतात. माजलगावच्या रस्त्याला मोटार रिवायंडिंगची दुकानं आहेत, जळालेल्या पाणबुडी मोटारींतली तांब्याची तार तिथं किलोवर मिळते. दोन-तीन पदरी पिळून घेतली की बारीक फांदीला पुरते. फांदीला तार गुंडाळायची, हळूहळू वाकवायची, आणि फांदीनं तो आकार धरला की तार कापून काढायची, उलगडत बसायचं नाही. पावसाळ्यात पिंपळ, वड, उंबर इतके सणसणून वाढतात की चार-पाच आठवड्यांत तार सालीत रुतू लागते. त्यामुळं आषाढ-श्रावणात मी रोज सकाळी चष्मा लावून एकेका फांदीवर नजर फिरवते. छाटायला डाळिंबवाले वापरतात तो सिकेटर आणि घरातली नखं कापायची कात्री. चीक हाताला लागला की दोन दिवस जात नाही.

आता भांडं. चिनी मातीच्या, निळ्या-हिरव्या झिलईच्या त्या छोट्या कुंड्यांची किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला होता. उत्तर घरातच होतं. संक्रांतीला आई सुगडं पुजते. त्यात ऊस, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, ओंबी भरते, शेजारणींना वाण देते, आणि नंतर ती सुगडं माडीवर धूळ खात पडतात. त्यांना एक रात्र पाण्यात भिजत ठेवायचं, म्हणजे भोक पाडताना तडकत नाहीत. मग बुडाला हळूहळू भोक पाडायचं. भोकावर प्लास्टिकच्या जाळीचा तुकडा, त्यावर मुरूम. कच्च्या झिलईविना मातीतून हवा आणि ओल दोन्ही ये-जा करतात, मुळांना ते मानवतं.

सुगडात एकच अडचण आहे. त्याचं तोंड पोटापेक्षा लहान असतं. एवढ्याशा भांड्यात मुळं वर्षभरात गच्च भरतात. त्यांना बाहेर काढून तिसरा हिस्सा कापून नव्या मातीत बसवावं लागतं, नाहीतर झाड आतल्या आत गुदमरतं. पसरट कुंडीतून झाड अलगद निघतं, सुगडातून नाही. म्हणून दर जूनला, पहिले दोन पाऊस झाले की, मी एकेक सुगड हातोडीनं फोडते. आत सुगडाच्याच आकाराचा मुळांचा गोळा निघतो. खापरं पुन्हा कुटून मातीत जातात. आमचे कुंभारमामा सुरुवातीला हसायचे. आता संक्रांत झाली की उरलेला, वाकडा-तिकडा भाजलेला माल ते माझ्यासाठी बाजूला काढतात आणि "झाडावाल्या ताईचं" म्हणून सुतळीनं बांधून ठेवतात.

भिंतीतल्या पिंपळांनंतर मी माळावर गेले, आणि तिथं मला कळलं की आमच्या भागात हे काम शेकडो वर्षं कुणीतरी करतंय. शेळ्या. धारूरकडं जाताना बालाघाटच्या डोंगराला लागलं की उघडे माळ लागतात. तिथल्या बोरीकडं नीट बघा. नवा कोंब आला की शेळी खाते. पुन्हा येतो, पुन्हा खाते. पंधरा-वीस वर्षं हेच. झाड गुडघ्याच्या वर जात नाही, पण बुंधा मनगटाएवढा होतो, साल फाटते, फांद्यांची जाळी घट्ट होते. हिवराचं, बाभळीचं तेच. कुठल्याही प्रदर्शनात लाल फीत मिळेल असं झाड, आणि करणारी दाढीवाली कलाकार बाजूला रवंथ करत बसलेली. जपान-चीनमध्येही सुरुवात अशीच झाली असं म्हणतात. कड्याच्या फटीत वाऱ्यानं आणि बर्फानं खुरटलेली झाडं माणसांनी खाली आणली. डोंगरातून आणलेल्या अशा झाडाला तिथं यामादोरी असा शब्द आहे. आमच्याकडं त्याला नाव नाही. मी 'शेळीची बोर' म्हणते.

माळावरची झाडं मी मात्र आणत नाही. जुनी बोर उपटली तर दहातली एखादीच जगते, आणि माळावर सावली देणारं दुसरं आहे तरी काय? गुडघाभर बोरीखालीही दुपारी ससा बसतो. मी बी आणते. बोरीचा, चिंचेचा, हिवराचा. चिंच मामेला फार चांगली. पान आधीच बारीक, साल लवकर जुनी दिसते, आणि संध्याकाळ झाली की पानं मिटून घेते. चार इंचांची चिंच बरोबर साडेसहाला झोपते. रात्रीच्या अभ्यासाला बसताना समोर झोपलेलं झाड बघून जांभई येते, एवढाच तोटा.

उन्हाळ्याबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्याकडं झाड लावणं आणि पाणी मागणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. २०१६च्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. सिंदफणेवरचं माजलगावचं धरण तळाला गेलं होतं, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि आमच्या गल्लीत टँकर आला की जेवण टाकून पळावं लागायचं. त्यामुळं मी पहिल्यांदा सुगडांत पाणी घातलं तेव्हा आजी पायरीवर येऊन उभी राहिली. बाहत्तरचा दुष्काळ तिनं खडी फोडून काढलाय. मी तेव्हा एका वडाची सगळी पानं कात्रीनं उतरवत होते. पावसाच्या आधी असं केलं की नवी पानं लहान येतात.

"कशाला छळायलीस गं त्याला?"

"पानं बारीक येत्यात, आजी."

"बाहत्तरला जनावरापुढं टाकायला पाला नव्हता. आन तू हिरवा पाला तोडून टाकायलीस."

मी तोडलेली पानं गोळा करून शेजारच्या शेळीला दिली. आजीचं समाधान झालं नाही, पण ती खाली गेली.

त्यानंतर मी हिशोब केला, कारण आजीला भावनेनं नाही, मापानं गप्प करता येतं. माझ्याकडं तेव्हा एकतीस झाडं होती. एका सुगडाला एका वेळी अर्धी वाटी पाणीही लागत नाही. मे महिन्यात दिवसातून तीनदा द्यावं लागतं, पहाटे, दुपारी बाराच्या आत आणि संध्याकाळी. सगळं मिळून दिवसाला पाच-सहा लिटर. म्हणजे दादांच्या अर्ध्या आंघोळीपेक्षा कमी. त्यातलं निम्मं तांदूळ-डाळ धुतलेलं. जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू भरून ती ओली ठेवते आणि सुगडं निम्मी तीत रोवते, म्हणजे भांडं खालून थंड राहतं. वर हिरवी शेडनेट. बोअरचं पाणी खारं आहे, महिनाभरात सुगडावर मिठासारखा पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून पावसाळ्यात गच्चीचं पाणी दोन ड्रममध्ये धरून ठेवते, निदान होळीपर्यंत पुरवते. एवढं सगळं करूनही एक मे महिना सात झाडं घेऊन गेला. ४३ अंशांत मूठभर माती काय धरून ठेवणार?

पाणी थोडं लागतं, पण ते रोज लागतं आणि वेळेवर लागतं. शेतातल्या आंब्याला आठ दिवस विसरलं तरी तो खोल कुठूनतरी ओढून घेतो. सुगडातल्या झाडाला माझ्याशिवाय विहीर नाही. उन्हाळ्यात एका लग्नाला परळीला जाऊन मुक्काम करायचा म्हटलं तरी आधी माणूस शोधावं लागतं. ज्या गावातून दिवाळी झाली की निम्मी घरं कुलूप लावून जातात, तिथं मी जागचं हलू न देणारा छंद धरला होता.

मधे पाहुण्यांचंही सांगते. बोन्साय घरात असलं की घराची वाढ खुंटते, असं वास्तुशास्त्रवाले मोबाइलवर सांगत असतात. माझं लग्न ठरेना, परीक्षा निघेना, दोन्हीचा ठपका एकतीस सुगडांवर आला. एक मावशी तर मला बघायला आलेल्या मंडळींच्या आधी गच्चीचं दार बंद करून आली. मुलानं नेमकं तेच विचारलं, "वर काय आहे?" वर नेलं तर म्हणाला, "पण हे झाडाला टॉर्चर नाही का?" प्रश्न चांगला होता. मुलगा नाही आवडला, प्रश्न आवडला.

मी त्याला जे सांगितलं ते इथंही सांगते. उपाशी ठेवून झाड लहान राहत नाही, उपाशी ठेवलं तर मरतं. लहान राहतं ते मुळं आणि शेंडे दोन्ही मापात कापत राहिल्यानं, आणि दोन्हींच्या मधल्या काळात त्याला पोटभर ऊन, पाणी, खत दिल्यानं. निरोगी नसेल तर तार लावता येत नाही, पानं उतरवता येत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टनला एक पाइनचं बोन्साय आहे. १६२५पासून ते कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ला ते हिरोशिमात होतं, स्फोटाच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर, यामाकी नावाच्या कुटुंबाच्या अंगणात भिंतीआड. १९७६मध्ये त्या कुटुंबानं ते अमेरिकेला भेट दिलं, त्याच देशाला. हिरोशिमाचं काही सांगितलं नाही. २००१मध्ये नातवंडं झाड बघायला गेली तेव्हा तिथल्या लोकांना ते कळलं. जमिनीतला कुठला पाइन चारशे वर्षं असा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातावर जगला असता? पण हेही खरं की त्याला या चारशे वर्षांत कधीही एकटं सोडता आलेलं नाही. टॉर्चर कुणाचं, झाडाचं की घरच्यांचं, असं मी विचारलं. मुलगा हसला नाही.

आणखी एक जपानी गोष्ट मला फार आवडते. १९२३च्या मोठ्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले मोकळी जागा, चांगली माती आणि पाणी शोधत शहराबाहेर ओमियाला गेले आणि १९२५मध्ये त्यांनी तिथं बोन्सायचं गावच वसवलं. राहायला येणाऱ्यांसाठी नियम केले. घरात किमान दहा बोन्साय हवीत, दार सगळ्यांसाठी उघडं हवं, कुंपण झाडाचं हवं आणि घर दोन मजली बांधायचं नाही. मी हे दादांना सांगितलं तेव्हा ते वरच्या मजल्याच्या सळया मोजत होते. म्हणाले, "तिकडं परवडतं त्यांना."

आता मधली.

आमच्या मागच्या घरातल्या काकूंना तीन लेकरं. मोठा, मधली आणि धाकटा. काका-काकू ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखाना सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, कधी कर्नाटक. लेकरं आजीपाशी राहायची. मधली तिसरीत होती तेव्हापासून शाळा सुटली की आमच्या गच्चीवर. मी परीक्षेला बाहेरगावी गेले की पाणी घालायचं काम तिचं. मापं तिला माझ्यापेक्षा नीट कळायची. बोट मातीत घालून सांगायची, "याला आता नगं, संध्याकाळी."

त्यांच्या मोरीजवळ एक उंबर उगवला होता. तिनं तो स्वतः काढला, स्वतः सुगडात लावला. उंबर खरं तर मामेला फारसं योग्य झाड नाही. पानं मोठी, वाढ दांडगी. मी तिला चिंच घे म्हटलं. ती म्हणाली, "उंबर दत्ताचाय." वाद संपला. दीड वर्षात तिनं तो सहा इंचांवर ठेवला, पानं आगपेटीच्या आकारावर आणली. बुंध्याला छान बाक होता. माझ्या गच्चीवरचं ते सगळ्यात देखणं झाड नव्हतं, पण एकटं असं होतं ज्याला मी हात लावायचा नव्हता.

२०२२च्या पावसाळ्यात तिची आजी वारली. लेकरांना कुणापाशी ठेवायचं हा प्रश्न आला. हंगामी वसतिगृहाचं नाव निघालं, पण मोठ्याला तिथं ठेवून मधलीला सोबत न्यायचं ठरलं. धाकटा दोन वर्षांचा होता आणि फडात त्याला बघायला कुणीतरी हवं होतं. त्यावर मी काकूंशी बोलायला गेले. काकू म्हणाल्या, "ताई, मलाबी कळतंय. पण मी ऊस तोडू का लेकरू धरू?" मी परत आले. त्याच्यापुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

नोव्हेंबरात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सरपण, पीठ, पत्र्याची पेटी, कोंबड्या, बाज. मधलीच्या मांडीवर धाकटा आणि त्याच्या पायांमध्ये उंबराचं सुगड, तेलाच्या कापलेल्या डब्यात ओली वाळू घालून त्यात रोवलेलं. ही युक्ती मी सांगितलेली नव्हती. मी म्हटलं, इथं राहू दे, मी बघते. ती म्हणाली, "तुमच्याकडं एकतीस हायती."

मग महिनाभर काहीच कळलं नाही. काकांचा फोन लागायचा तेव्हा मागं ट्रकचा आवाज. डिसेंबरात एकदा मधली बोलली. फड कोल्हापूरच्या अलीकडं, नदीकाठी. पहाटे चारला सगळे उठून फडात जातात, ती कोपीत. सुगड कोपीच्या दारात ठेवलं होतं, बैलाचा पाय लागून फुटलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "त्येचा गोळा तसाच निघाला, जूनमध्ये निघतो तसा. मी पाइप गळतोय तिथं लावला."

फेब्रुवारीत काकांच्या मोबाइलवरून फोटो आला. उसाच्या बांधाला एक उंबर. शेजारी मधली, कडेवर धाकटा. उंबर तिच्या कमरेला लागत होता. बुंध्याचा तो बाक खाली तसाच, जमिनीपासून चार बोटांवर, आणि त्याच्या वर सरळ, बेफाम वाढलेला शेंडा. आगपेटीएवढी पानं हरवली होती. फोटो मोठा करून बघितला तर एकेक पान तिच्या हाताच्या पंजापेक्षा मोठं. तीन महिने. काळी माती आणि गळका पाइप, बस. बोन्साय केलं की झाड कायमचं खुजं होतं, असं म्हणणाऱ्या मावशीला मी तो फोटो पाठवला. मावशीनं नमस्काराचे हात पाठवले. कशाला ते माहीत नाही, बहुतेक दत्ताला.

पाडव्याच्या आधी ते परत आले. मधली अंगानं वाळली होती आणि कोल्हापुरी बोलत होती. पाचवीचं निम्मं वर्ष गेलं होतं. गच्चीवर आली, ट्रेमधली सगळी सुगडं बोट घालून तपासली आणि म्हणाली, "ही चिंच तहानलीय." होतीही. उंबराचं विचारलं तर सांगितलं, तिथंच ठेवला, शेतमालकीणबाई म्हणाल्या दत्ताचा आहे, राहू दे. आणायचा कसा? ट्रॉलीत उभा केला असता तर वाऱ्यानं मोडला असता. हे तिनं अगदी हिशोबानं सांगितलं. मग थांबून म्हणाली, "ताई, तिथं राहिलेलं तेवढंच हाय आमचं."

२०२३चा ऑगस्ट आमच्याकडं कोरडाच गेला. सोयाबीन फुलात असताना पावसानं पाठ फिरवली. त्या वर्षी उचल घेणारे वाढले, एरवी न जाणारी दोन घरंही गेली. मी जूनमध्ये नेहमीसारखी सुगडं फोडली होती, पण पावसाच्या पाण्याचे ड्रम भरलेच नाहीत. एकतीसची छाटणी करून मी अठरावर आले. बाकीची वाटली. तीन शाळेच्या कुंपणाला जमिनीत लावली, दोन वड स्मशानभूमीकडं. एक पिंपळ पुन्हा त्याच टाकीखालच्या घरात गेला, जिथून काढला होता. त्या घरच्या वहिनी आता त्याला रोज पाणी घालतात आणि मोजून सात प्रदक्षिणाही घालतात, कुंडीभोवती, उभ्या उभ्या हातानंच.

दिवाळी झाल्यावर मधली आली. या वेळी मोठाही सोबत जाणार होता, कोयत्याला हात लागला असता म्हणून. ती ट्रेसमोर उकिडवी बसली. मी चिंच पुढं केली. तिनं मान हलवली आणि शेळीच्या बोरीच्या बियांपासून केलेल्या दोन रोपांवर बोट ठेवलं. चार-चार इंचांची, काट्यांची, रुसलेल्या म्हातारीसारखी दिसणारी.

"दोन कशाला गं?"

"एक लावायला. एक माघारी आणायला."

मी दोन्ही सुगडं तेलाच्या कापलेल्या डब्यात बसवली, वाळू भरली. पाणी किती, कधी, उन्हात किती वेळ, बैल बांधतात त्या बाजूला ठेवायचं नाही, असं सांगायला लागले. तिनं डबा उचलला.

"म्हाइतीय ताई," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.